आधी शेळी, मग लांडगा: मराठवाड्यात माग काढायला शिकताना

दर उन्हाळ्यात कुठल्यातरी गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो फिरतो. धुळीत उमटलेला पंजा, शेजारी मापाला ठेवलेली चप्पल, आणि खाली ओळ: ‘आपल्या शिवारात बिबट्या आलाय, लेकरांना बाहेर सोडू नका.’ बहुतेक वेळा तो पंजा गावातल्याच एखाद्या कुत्र्याचा असतो. कधीकधी मात्र तो खरोखर बिबट्याचा असतो, आणि ‘कुत्रंच असेल’ म्हणून सोडून दिलेला असतो. दोन्ही चुकांचे कारण एकच: रोज पायाखाली येणारे ठसे आपण कधी नीट पाहिलेले नसतात.

माग काढायला शिकण्यासाठी घनदाट जंगल लागत नाही. मराठवाड्यात ते फारसे नाहीही. गौताळा, येडशी रामलिंग घाट, नायगावचे मयूर अभयारण्य आणि किनवटकडचा भाग सोडला तर इथली जनावरे माळावर, गायरानात, ओढ्याकाठी आणि उभ्या पिकात राहतात. २०२१ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वरचा एक वाघ गौताळ्यात पोहोचला, आणि २०२४ च्या अखेरीस टिपेश्वरचाच दुसरा एक येडशीला. हे वाघ शेताशेतांतून चालत आले. वाटेत किती धुऱ्यांवर त्यांचे पंजे उमटले असतील, आणि त्यांतले किती कुणाच्या लक्षात आले असतील?

सुरुवात गोठ्यापासून

पहिला महिनाभर रानात जाऊच नका. शेळी, मेंढी, गाय, म्हैस, गाढव, कुत्रा, मांजर आणि कोंबडी या आठांचे ठसे डोळे झाकून आठवले पाहिजेत. इथल्या कुठल्याही पांदणीवर शंभरातले बहुतेक ठसे यांचेच असतात. रानटी जनावराचा ठसा म्हणजे या गर्दीत जो बसत नाही तो.

अंगणात किंवा शेतात हातभर रुंद आणि चार-पाच हात लांब अशी एक पट्टी तयार करा. माती चाळून पसरा, पाण्याचा हलका शिडकावा मारा, फळीने सपाट करा. आता कुत्र्याला त्यावरून आधी सावकाश चालवा, मग दुसऱ्या पट्टीवरून पळवा. चालताना बोटे जवळ असतात. पळताना ती फाकतात, नखे खोल रुततात आणि माती मागे उडते. तेच कुत्रे, तीच माती, पण ठसा वेगळा. हे एकदा स्वतः पाहिले की पुस्तकातल्या चित्राशी ठसा जुळवायची सवय सुटते. पट्टी मोडू नका. तासाभराने, संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा जाऊन बघा. ठशाच्या कडा कशा ढासळतात, वारा त्यात काय आणून टाकतो, दवाने वरचा थर कसा खडबडीत होतो, ते टिपून ठेवा. ठसा कधीचा आहे हे सांगायची शाळा हीच.

खुरांचे आता थोडक्यात. शेळीच्या खुराची टोके बोथट आणि बऱ्याचदा फाकलेली असतात. मेंढीचा ठसा आणखी चौकोनी दिसतो. काळविटाचा खूर अरुंद आणि पुढे निमुळता होत टोकदार होतो. चिंकाऱ्याचा साधारण तसाच पण लहान. हे दोन्ही ठशावरून वेगळे करणे अवघड जाते, म्हणून जागा बघायची: मोकळ्या सपाट रानात बहुधा काळवीट, डोंगरउताराच्या झुडपी माळावर चिंकारा. रोहीचा ठसा कालवडीच्या ठशासारखा वाटतो, पण लांबट आणि टोकाकडे अरुंद असतो. रानडुकराच्या खुरामागे दोन छोट्या नखांच्या खुणा बाजूला सरकून उमटतात, आणि आसपासची जमीन नांगरल्यासारखी उकरलेली असेल तर विचारायलाच नको.

पंजा: इथे थांबा

नवशिक्यांचा सगळ्यात मोठा घोळ इथे होतो, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

‘नखे दिसली तर कुत्रा, नाही दिसली तर बिबट्या’ हा नियम अर्धाच खरा आहे. मांजरकुळातली जनावरे चालताना नखे आत घेतात हे बरोबर. पण चिखलात पाय घसरला की बिबट्याचीही नखे उमटतात, आणि कडक मुरमावर कुत्र्याची उमटत नाहीत. म्हणून आधी मागची गादी बघा. मांजरकुळात ती मोठी, रुंद असते आणि तिच्या मागच्या कडेला तीन फुगवटे दिसतात. कुत्र्याची गादी त्या मानाने लहान आणि त्रिकोणी. मग पूर्ण आकार: कुत्र्याचा पंजा लांबट, मांजरकुळाचा गोल. मग चारी बोटांची ठेवण: कुत्र्याची मधली दोन बोटे शेजारी-शेजारी एका ओळीत, तर बिबट्याच्या मधल्या दोन बोटांतले एक थोडे पुढे असते, त्यावरून उजवा पंजा की डावा तेही कळते. शेवटी एक साधी चाचणी: बोटे आणि गादी यांच्या मधल्या मोकळ्या जागेतून काडीने फुली मारून बघा. कुत्र्याच्या ठशात फुली कुठेही न अडता बसते, मांजरकुळात ती गादीवर चढते.

या चारही गोष्टी एकीकडे झुकल्या तर बोला. दोन इकडे, दोन तिकडे झाल्या तर पुढचा ठसा शोधा.

आता कुत्र्याच्या भावकीकडे. कोल्ह्याच्या पुढच्या पंजात मधल्या दोन बोटांच्या गाद्या मागच्या बाजूने जोडलेल्या असतात. ओल्या गाळात हे स्पष्ट दिसते आणि गावठी कुत्र्यात दिसत नाही. खोकडाचा पंजा अगदी लहान असतो. तो मांजराचा समजण्याची चूक होते, पण नखे बघितली की कळते.

लांडग्याचा एकटा ठसा बघून ‘लांडगा’ म्हणणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही, मग तो कितीही जुना जाणकार असो. मोठ्या धनगरी कुत्र्याचा आणि लांडग्याचा पंजा आकाराने एकमेकांत मिसळतो. फरक चालीत असतो. लांडगा कामाला निघाल्यासारखा दुडक्या चालीने सरळ रेषेत जातो, आणि त्याचा मागचा पाय पुष्कळदा पुढच्याच ठशावर पडतो. कुत्रे इकडे हुंगते, तिकडे वळते, बाभळीपाशी थांबते, परत येते. म्हणून किमान पन्नास पावले माग धरून चाला, मग ठरवा.

तरसाचा पुढचा पंजा मागच्यापेक्षा ठळकपणे मोठा असतो. नखे बोथट, गादी एका बाजूला कललेली. एकाच मागावर दोन वेगळ्या आकाराचे पंजे दिसून ‘दोन जनावरे गेली’ असे वाटले, तर आधी तरसाचा विचार करा.

मुंगसाला पाच बोटे आणि लांब नखे. घोरपडीच्या दोन्ही बाजूंच्या पायांमध्ये शेपटीची वळणदार रेघ. सशाच्या मागात मोठे मागचे पाय लहान पुढच्या पायांच्या पुढे पडलेले दिसतात, त्यामुळे तो उलट दिशेला गेला असे वाटते. साळिंदर बरेचदा ठशापेक्षा झाडाच्या बुंध्याशी कुरतडलेल्या सालीवरून सापडते.

माती आणि घड्याळ

काळ्या मातीचे दोन स्वभाव. पावसाळ्यात ती बुटाला शेर-शेर चिकटते आणि ठसा उचलून नेते. पण पाऊस थांबून ओल आटत आली की त्यावर उमटलेला खूर तसाच वाळून भाजतो आणि महिनोन्महिने राहतो. ऐन एप्रिलमध्ये दिसणारा रोहीचा खोल ठसा आदल्या परतीच्या पावसातला असू शकतो. त्यामुळे कडक काळ्या रानातला ठसा ‘कोण येते’ हे सांगतो, ‘कधी आले’ हे नाही. ‘कधी’ साठी पांदणीतला फुफाटा आणि नदीची वाळू. होळीपासून मृगापर्यंत फुफाट्याइतका चांगला कागद दुसरा नाही. पाझर तलाव आटत जातो तसा त्याच्या काठचा गाळही रोज नवी ओली पट्टी उघडी करतो. मुरमाड उतारावर सुरुवातीला वेळ घालवू नका.

पाहायची वेळ म्हणजे सकाळी ऊन तिरपे असताना, किंवा दिवस कलल्यावर. ठसा तुमच्या आणि सूर्याच्या मध्ये ठेवा, म्हणजे कडांच्या सावल्या तुमच्याकडे पडतात. दुपारी बारा वाजता तीच पांदण कोरी दिसते.

ठसा किती जुना, यासाठी गावाचे वेळापत्रक कामाला येते. दूधवाला पहाटे साडेपाचला मोटारसायकलवर जातो, शेळ्या दहाला सुटतात, मुक्कामी एसटी रात्री आठला येते. तरसाचा पंजा टायरच्या नक्षीवर पडला असेल तर ते दूधवाल्यानंतर गेले, टायरने पंजा मोडला असेल तर त्याआधी. रात्री फिरणाऱ्या किड्यांच्या बारीक रांगा ठशावरून गेल्या असतील तर जनावर रात्री लवकर गेले. दवाने फुफाट्यावर आलेली पापडी ठशाने फोडली असेल तर पहाटे.

मोजा, काढा, मग फोटो

सोबत वही, पेन्सिल, शिंप्याची मोजपट्टी आणि छातीइतकी काठी असू द्या. ठसा सापडला की आधी हाताने चित्र काढा. चित्र वाईट आले तरी चालेल. काढताना बोटे मोजावी लागतात, गादीची कड बघावी लागते. मग लांबी-रुंदी मोजा. फोटो बरोबर वरून घ्या, मोजपट्टी शेजारी ठेवून. चप्पल ठेवू नका, चपलेचे माप कुणाला माहीत असते?

चांगल्या ठशाचा साचा घ्यायचा तर जाड पुठ्ठ्याची पट्टी गोल करून ठशाभोवती रोवा. दोन वाट्या प्लास्टर ऑफ पॅरिसला एक वाटी पाणी, गुठळ्या मोडून पातळ भज्याच्या पिठासारखे कालवा आणि ठशाच्या कडेने हळू सोडा. अर्ध्या तासाने उचला, माती दुसऱ्या दिवशी धुवा.

एके काळी आपल्या देशात वाघांची मोजदाद पंजे काचेवर गिरवूनच होत असे. ही पद्धत १९६६ मध्ये ओडिशातले वन अधिकारी सरोज राज चौधरी यांनी बसवली. पुढे राजस्थानच्या सरिस्कातले वाघ संपल्याचे २००४-०५ मध्ये उघड झाल्यावर तिच्यावरचा विश्वास उडाला आणि कॅमेरा ट्रॅप, म्हणजे जनावर समोरून गेले की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे, आले. एकेक वाघ नुसत्या पंजावरून ओळखण्याचा दावा तिने केला होता, तो टिकला नाही. कुठले जनावर, किती वेळापूर्वी, कुठल्या चालीने, हे मात्र पंजा आजही सांगतो. त्याहून जास्त त्याच्याकडून वदवून घेऊ नका.

मागावर चालणे

ठशांवरून नव्हे, ठशांच्या बाजूने चाला. काठीवर दोन रबर लावा: एक ठशाच्या मागच्या कडेशी, दुसरे पुढच्या ठशाच्या मागच्या कडेशी. ही झाली त्या जनावराची ढांग. माग हरवला की शेवटच्या ठशाशी काडी रोवा, काठी तिथे टेकवून समोर अर्धवर्तुळात फिरवा. पुढचा ठसा त्या कमानीवर कुठेतरी असतो. तिथे अख्खा पंजा दिसेल अशी अपेक्षा नको. दबलेली काडी, उलटा झालेला खडा, एकाच बाजूला लवलेले गवत, एवढेही पुरते.

सुरुवातीला माग उलटा काढा, म्हणजे जनावर जिथून आले तिकडे जा. जनावराला त्रास नाही, तुम्हाला धोका नाही, आणि ते कुठे प्यायले, कुठे बसले, कशाला बिचकले हे सगळे मागेच राहिलेले असते.

विष्ठा हा मागाचा अर्धा भाग आहे, किळस येत असेल तर हा छंद जमायचा नाही. हिवाळ्यात कोल्ह्याची विष्ठा बोराच्या बियांनी भरलेली असते. तरसाची वाळून खडूसारखी पांढरी पडते, कारण ते हाडे चावून खाते. लांडग्याच्या विष्ठेत केस असतात, आणि ती बहुधा वाटा फुटतात तिथे सापडते. काळविटाचा नर आणि रोही एकाच जागी पुन्हा पुन्हा लेंड्या टाकतात, तिथे ढीग साचतो. सगळे काडीने उकलून बघा, हाताने नाही. कुत्र्याच्या कुळातल्या जनावरांच्या विष्ठेतून जंतांची अंडी माणसाच्या पोटात जाऊ शकतात.

विचारायचे कुणाला

शेळ्या राखणाऱ्या आजीला. तिच्याइतका वेळ त्या माळावर कुणीच घालवत नाही. मेंढपाळांना लांडगा कुठल्या ओढ्याने येतो हे पाठ असते. पारधी समाजातल्या जुन्या माणसांचा या विद्येतला हात कुणी धरू शकत नाही. पण इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने पुढे अशा कितीतरी जमातींना गुन्हेगार ठरवले, तो शिक्का कागदावरून १९५२ मध्ये गेला तरी लोकांच्या नजरेतून अजून गेलेला नाही. त्यामुळे वही-कॅमेरा घेऊन एकदम त्यांच्या पालावर धडकू नका. ओळखीने जा, चहा घ्या, शिकवले तर त्या दिवसाची मजुरी द्या.

‘मामा, इकडं लांडगं हायेत का?’ असे विचारले तर उत्तर ‘लई हायेत’ असेच येणार. ‘शेवटचं कधी बघितलं, कुठून कुठं गेलं, मेंढरं कुठं होती?’ असे विचारा. आणि जे कळेल ते तुमच्याकडेच ठेवा. लांडग्याची पिल्ले बहुतेक हिवाळ्यात होतात, आणि बिळाची जागा कळली की कुणीतरी धूर करायला निघतेच. बिळाचा, खोकडाच्या ढोलीचा, मोराच्या अंड्यांचा ठिकाणासकट फोटो कुठेही टाकायचा नाही. फोनमधली लोकेशनची खूणही बंद करा.

हाताची कामे

रानात राहण्याच्या जुन्या कला शिकायच्या म्हटले की सगळे आधी आगीकडे धावतात. मी दोरापासून सुरू करायला सांगेन. त्याने बोटांना सवय लागते, आणि रानात सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच होतो.

अंबाडी आपल्याकडे भाजीसाठी आणि वाखासाठी, म्हणजे दोराच्या तंतूंसाठी, अशी दोन्हींसाठी लावतात. उभे फोक कापून आठ-पंधरा दिवस पाण्यात दाबून ठेवा. साल सुटू लागली की सोलून, आपटून, धुऊन वाळवा. केकताडाचे (घायपाताचे) पान लाकडाने ठेचून, गर खरवडूनही वाख निघतो, पण त्याच्या रसाने अंग खाजते, म्हणून हातात पिशव्या घाला. आता वाखाची चिमूटभर बट घ्या आणि मधोमध न धरता एक बाजू लांब ठेवून दुमडा, म्हणजे दोन्ही बटांचे सांधे एकाच जागी येणार नाहीत. दुमड डाव्या चिमटीत. वरच्या बटेला तुमच्यापासून दूर पीळ द्या, आणि ती पिळलेली बट खालच्या बटेवरून तुमच्याकडे आणा. चिमटी पुढे सरकवा. पुन्हा वरची बट, पुन्हा तेच. बटांचा पीळ एकीकडे आणि दोराचा उलट, म्हणून दोन्ही एकमेकांना धरून राहतात आणि दोर सुटत नाही. बट संपायला आली की आधीच नवी चिमूट जोडा. पोळ्याच्या आधी गावात कुणी ढेऱ्यावर दोर वळत असेल तर जाऊन बसा, तासाभरात जे दिसेल ते इथे लिहून सांगता येत नाही.

आग घराच्या अंगणातच शिका. दख्खनच्या काळ्या दगडाच्या पोकळ्यांत गारगोटी आणि अकीक तयार होतात, ते इथे नांगरटीतही वर येतात. धारदार कडेची गारगोटी, जुन्या कानशीचा तुकडा, आणि ठिणगी धरायला जळका कापूस. जुन्या धोतराच्या चिंध्या झाकणाच्या डबीत घाला, झाकणाला खिळ्याने एक भोक पाडा आणि निखाऱ्यावर ठेवा. भोकातून येणारा धूर थांबला की डबी बाजूला काढा, पण गार झाल्याशिवाय उघडू नका. या काळ्या चिंधीवर पडलेली ठिणगी विझत नाही, पसरत जाते. ती वाळल्या गवताच्या घरट्यात धरून हळू फुंका. निखारा रात्रभर राखायचा तर गोवरी. धनुकलीने लाकडावर लाकूड फिरवून आग काढणे हे पुढचे काम. यज्ञातल्या अरणीचे तत्त्व तेच. लाकूड हलके, पूर्ण वाळलेले आणि नखाने दाबले तर खूण उमटेल असे हवे.

माळावर मात्र आग नको. फाल्गुन-चैत्रात कुसळीला एक ठिणगी पुरते, आणि अभयारण्यात आग लावणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. साळिंदराचे काटे, हरणाचे शिंग सापडले तरी तिथेच राहू द्या.

पाण्याच्या बाबतीत हुशारी नको. माणशी चार लिटर घरून न्या. कोरड्या नदीत झिरा खणून पाणी काढता येते, पण उकळल्याशिवाय तोंडाला लावू नका. उन्हाळ्यात पाणवठ्यावर दबा धरून बसू नका. तुम्ही बसलात तेवढा वेळ सगळी जनावरे तहानलेली राहतात. बसायचेच असेल तर बुद्धपौर्णिमेच्या रात्री वन विभाग अभयारण्यांतल्या मचाणांवर प्राणीगणनेला लोकांना बसवतो, तिथे नाव नोंदवा.

जिथे माग सोडायचा

माग उसात शिरला की परत फिरा. बिबट्याची मादी उसात पिल्ले ठेवते. २०२० च्या अखेरीस आष्टी तालुक्यात बिबट्याने माणसे मारली होती, हे बीडकडे कुणी विसरलेले नाही. बिबट्याचा ताजा ठसा वस्तीजवळ दिसला तर ग्रुपवर टाकण्याआधी वन विभागाच्या १९२६ क्रमांकावर कळवा आणि ठशावर एक घमेले पालथे घालून ठेवा, वनरक्षक येईपर्यंत तो टिकेल.

नजर जमिनीवर असली तरी हात कुठे टेकतो ते बघा. मुरमाड टेकड्यांवर दगडाखाली फुरसे असते. चावले तर कापायचे नाही, चोखायचे नाही, आवळून बांधायचे नाही. तो भाग हलू न देता सरकारी रुग्णालय गाठायचे, १०८ ला फोन करायचा. सर्पविषावरची लस तिथे मिळते, मांत्रिकाकडे नाही. घोट्यावर येणारे बूट, सोबत एक माणूस, आणि घरी ‘कुठल्या शिवारात चाललो’ हे सांगून निघणे एवढे तरी पाळा.

गौताळा किंवा येडशीत शिरायचे तर आधी वनपरिक्षेत्र कार्यालयातून परवानगी काढा. तिथला वनमजूर सोबत मिळाला तर आणखी चांगले, फक्त त्याच्या पुढे चालू नका.